मार्चच्या निकालांवरून कॉन्फरन्सची ताकद कशी जोखायची

२०११ च्या मार्चमध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटाचे, तब्बल ११ संघ एनसीएए या अमेरिकन कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेत उतरले. तोवर इतक्या जागा कुठल्याच कॉन्फरन्सला मिळाल्या नव्हत्या. शेवटच्या १६ संघांची यादी लागली तेव्हा त्या ११ पैकी फक्त २ उरले होते, आणि तरीही विजेतेपद पटकावलं ते बिग ईस्टच्याच कनेक्टिकटने. त्या वर्षी बिग ईस्ट खरोखर बलाढ्य होती की नुसताच गाजावाजा होता? एकच निकालपत्रक हातात धरून दोन्ही बाजू भांडू शकतात. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दर एप्रिलमध्ये हा वाद रंगतो. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींनी ऑफिसात ब्रॅकेट (सगळ्या निकालांचे अंदाज लिहायचा तक्ता) भरताना तो हमखास ऐकला असेल.

हा वाद आकड्यांनी बऱ्यापैकी मिटवता येतो. एक कागद, बेरीज-वजाबाकी आणि थोडा संयम एवढं पुरे.

आधी स्पर्धेची रचना. २०११ पासून स्पर्धेत ६८ संघ असतात. कॉन्फरन्सची स्वतःची स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट प्रवेश मिळतो. २०२५ मध्ये असे ३१ संघ होते. बाकीचे ३७ निवड समितीने घेतले. ‘फर्स्ट फोर’ नावाच्या चार प्राथमिक सामन्यांनंतर ६४ संघ उरतात. त्यांचे चार विभाग होतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मानांकनं असतात. एक हार झाली की गाशा गुंडाळायचा.

वाद केवळ फुशारकीचा नाही, त्यात पैसा आहे. संघ स्पर्धेत जितके सामने खेळतो, तितकी ‘युनिट’ त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होतात, फक्त अंतिम सामना त्यात धरत नाहीत. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर होतात.

पायरी १ : प्रश्न नेमका करा

‘कुठली कॉन्फरन्स सर्वांत भारी?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. एक शिखराचा: तिचे वरचे दोन-तीन संघ किती चांगले? दुसरा पायाचा: तिचा आठवा-नववा संघ किती चांगला? मार्चची स्पर्धा पहिल्याबद्दल थोडंफार बोलते, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, कारण पात्र न ठरलेले संघ तिथे नसतातच.

गोंझागा हे याचं ठळक उदाहरण. २०१७ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण तेवढ्यावरून त्याची तेव्हाची वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स देशातल्या अव्वल कॉन्फरन्सांच्या पंक्तीत बसत नव्हती. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण ते शीत त्याच हंडीतल्या इतर भातासारखं असेल तरच.

विजेतेपदं मोजणं हे मोजमाप तर मला सर्वांत कुचकामी वाटतं. २००० मध्ये मिशिगन स्टेट जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत बिग टेनच्या एकाही संघाला विजेतेपद मिळालं नाही. पण त्याच काळात इंडियाना, इलिनॉय, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन, पर्ड्यू आणि दोनदा मिशिगन असे बिग टेनचे संघ अंतिम सामना खेळले. पंचवीस वर्षांत आठ वेळा शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचणारी कॉन्फरन्स दुबळी म्हणायची कशी?

पायरी २ : तक्ता मांडा

प्रत्येक संघासाठी चार रकाने करा: मानांकन, जिंकलेले सामने, कुणाकडून हरला, किती गुणांनी हरला. फर्स्ट फोरचे निकाल बाजूला ठेवा, कारण तिथे सारख्याच मानांकनाचे संघ भिडतात. न खेळता मिळालेली बढती विजय म्हणून धरू नका. २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी व्हीसीयूच्या संघात कोविड निघाल्याने ओरेगन न खेळताच दुसऱ्या फेरीत गेला होता. तक्त्यात तिथे शून्यच पाहिजे.

फायनल फोरचे, म्हणजे चार विभागांच्या विजेत्यांमधले, तीन सामनेही वेगळे ठेवा. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

पायरी ३ : अपेक्षित विजय काढा

सगळ्या पद्धतीचा कणा हाच. ‘किती जिंकले’ यापेक्षा ‘मानांकन पाहता किती जिंकायला हवे होते आणि किती जिंकले’ हे महत्त्वाचं.

प्रत्येक सामन्यात वरच्या मानांकनाचाच संघ जिंकला असं धरा. मग पहिल्या मानांकनाचा संघ विभाग जिंकतो, म्हणजे ४ विजय. दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे आणि चौथ्याचे प्रत्येकी २, पाचव्या ते आठव्याचे प्रत्येकी १, नवव्यापासून खाली शून्य. एका विभागात १५ सामने होतात आणि ही बेरीजही १५ येते. फायनल फोरमध्ये या हिशेबाने चारही संघ पहिल्या मानांकनाचे असणार, म्हणून तिथे ही पट्टी चालत नाही.

आता २०२५ ची एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) घ्या. १६ पैकी १४ संघ स्पर्धेत होते आणि बिग ईस्टचा ११ चा विक्रम मोडला गेला. संघ, मानांकन, अपेक्षित विजय आणि फायनल फोरच्या आधी मिळालेले विजय असे:

ऑबर्न, मानांकन १ : अपेक्षित ४, मिळाले ४
फ्लोरिडा, १ : अपेक्षित ४, मिळाले ४
अलाबामा, २ : अपेक्षित ३, मिळाले ३
टेनेसी, २ : अपेक्षित ३, मिळाले ३
केंटकी, ३ : अपेक्षित २, मिळाले २
टेक्सस ए अँड एम, ४ : अपेक्षित २, मिळाला १
ओल मिस, ६ : अपेक्षित १, मिळाले २
मिझुरी, ६ : अपेक्षित १, मिळाले ०
मिसिसिपी स्टेट, ८ : अपेक्षित १, मिळाले ०
जॉर्जिया ९, ओक्लाहोमा ९, व्हँडरबिल्ट १० : अपेक्षित ०, मिळाले ०
आर्कन्सॉ, १० : अपेक्षित ०, मिळाले २
टेक्सस, ११ : फर्स्ट फोरमध्येच बाहेर

बेरीज करा. अपेक्षित २१, मिळाले २१. सात संघ शेवटच्या १६ मध्ये गेले (हाही विक्रमच), फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवून विजेतेपद घेतलं, वर्तमानपत्रांत एसईसीचा जयजयकार झाला, आणि हिशेब बरोब्बर शून्यावर आला! याचा अर्थ एसईसी चांगली नव्हती असा मुळीच नाही. ती किती चांगली आहे हे निवड समितीला मार्चच्या आधीच कळलं होतं आणि मानांकनांत ते उतरलं होतं, एवढाच अर्थ. स्पर्धेने नवीन काही सांगितलं नाही, आधीच्या अंदाजावर शिक्का मारला.

त्याच वर्षी बिग टेनचे ८ संघ होते: अपेक्षित १३, मिळाले १३. बिग ट्वेल्व्ह: अपेक्षित १२, मिळाले १३. एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स): अपेक्षित ६, मिळाले ४, आणि तेही चारच्या चार एकट्या ड्यूकचे. २०२५ मध्ये समितीने मानांकनं किती अचूक दिली होती, ते यातून दिसतं.

या पट्टीत एक खोट आहे, ती ओळखून ठेवा. नवव्या मानांकनाखालच्या संघाची अपेक्षा शून्य असल्याने तो कधीच उणे जात नाही, आणि पहिल्या मानांकनाचा संघ फायनल फोरच्या आधी कधीच अधिक होत नाही. त्यामुळे वरची मानांकनं भरपूर असलेल्या कॉन्फरन्सवर थोडा अन्याय होतो आणि लहानांना थोडी सूट मिळते. बारकाईने करायचं तर १९८५ पासूनच्या, म्हणजे ६४ संघ झाल्यापासूनच्या, निकालांची सरासरी वापरा. पहिल्या मानांकनाचे संघ ढोबळमानाने सव्वातीन सामने जिंकत आलेत, दुसऱ्याचे सव्वादोनच्या आसपास, तिसऱ्याचे पावणेदोन, चौथ्याचे दीड, पाचव्या-सहाव्याचे एकाहून किंचित जास्त, आठव्या ते अकराव्याचे अर्ध्याहून थोडे अधिक. या सरासरीत फायनल फोरही धरलेली असते, म्हणून मिळालेले विजयही सगळे धरायचे. तसं केलं तर एसईसीची २०२५ ची अपेक्षा सुमारे २० येते आणि प्रत्यक्षात मिळाले २३. म्हणजे ती अपेक्षेहून थोडी सरस ठरली, इतकंच.

पायरी ४ : घरातले सामने वेगळे काढा

एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ समोरासमोर आले की एक जिंकणार, एक हरणार. कॉन्फरन्सच्या ताकदीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. विजयांची टक्केवारी मात्र निम्म्याकडे ओढली जाते. समिती अशा लढती सुरुवातीच्या फेऱ्यांत टाळायचा प्रयत्न करते, पण ११ किंवा १४ संघ असले की त्या पूर्ण टाळणं अवघड होतं.

२०११ चं कोडं इथे सुटायला लागतं. शेवटच्या १६ मध्ये गेलेले बिग ईस्टचे दोन संघ कोण? कनेक्टिकट आणि मार्केट. कनेक्टिकटने दुसऱ्या फेरीत सिनसिनाटीला हरवलं आणि मार्केटने सिराक्यूजला. हरलेले दोघेही बिग ईस्टचेच. म्हणजे दोन जागा कॉन्फरन्सला आधीच बांधून मिळालेल्या होत्या. बाकीचे संघ बाहेरच्यांकडून हरले: पहिल्या मानांकनाचा पिट्सबर्ग बटलरकडून एका गुणाने, दुसऱ्या मानांकनाचा नोत्र डाम फ्लोरिडा स्टेटकडून, चौथ्या मानांकनाचा लुईव्हिल तर थेट तेराव्या मानांकनाच्या मोरहेड स्टेटकडून. फायनल फोरच्या आधीचा हिशेब मांडला तर अपेक्षा १७ विजयांची होती, मिळाले ११. उणे ६, विजेतेपदासकट! त्या मोसमात साखळीत ९ विजय, ९ पराभव अशी कामगिरी करणारा कनेक्टिकट केम्बा वॉकर या खेळाडूच्या जोरावर आधी बिग ईस्टची स्पर्धा पाच दिवसांत पाच सामने जिंकून घेतो आणि मग देशही जिंकतो, ही थक्क करणारी गोष्ट आहेच. पण ती एका संघाची गोष्ट आहे.

हिशेबात एक बारकावा लक्षात ठेवा. घरातली लढत मानांकनानुसार व्हायचीच होती, तर अपेक्षा आणि विजय दोन्हींतून एकेक वजा होतो आणि फरक तसाच राहतो. पण दोन्ही संघ अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन एकमेकांना भिडले, तर कॉन्फरन्सला एक विजय फुकट मिळतो. तो वजा करा.

पायरी ५ : एकाच संघाचा भार तपासा

अपेक्षेहून सर्वांत जास्त विजय मिळवणारा संघ झाकून बेरीज पुन्हा करा. निष्कर्ष टिकतो का?

२०२४ ची एसीसी घ्या. पाचच संघ आत होते, पण त्यांनी मिळून १२ सामने जिंकले, ५ हरले. एसीसीला कमी लेखलं जातं, असा घोष तेव्हा सुरू झाला. अपेक्षा होती ७ विजयांची. १२ मधून नॉर्थ कॅरोलिना स्टेटने ड्यूकला हरवलं तो घरातला सामना वजा केला तरी ११ उरतात, म्हणजे अधिक ४. आता नॉर्थ कॅरोलिना स्टेट झाका. साखळी संपली तेव्हा हा संघ १७-१४ वर होता. एसीसीची स्पर्धा पाच दिवसांत पाच सामने मारून जिंकला नसता, तर त्याला प्रवेशच मिळाला नसता. त्याच्याशिवाय उरतात नॉर्थ कॅरोलिनाचे २, ड्यूकचे ३ आणि क्लेमसनचे ३ असे ८ विजय, अपेक्षा ७. अधिक १. क्लेमसनने चांगली मुसंडी मारली होती, त्याचं श्रेय द्यायलाच हवं, पण ‘एसीसीवर अन्याय’ ही हाकाटी त्या एका संघाच्या खांद्यावर उभी होती.

पायरी ६ : नशिबाची रुंदी मोजा

बाद फेरीत थोडेच सामने होतात, त्यामुळे योगायोगाला भरपूर जागा असते. एक कामचलाऊ सूत्र सांगतो. कॉन्फरन्सच्या संघांनी खेळलेल्या सामन्यांची संख्या घ्या, तिचं वर्गमूळ काढा. १६ सामने असतील तर ४. फरक या आकड्याच्या आत असला, तर नुसत्या नशिबानेही तो पडू शकतो. सामना पन्नास-पन्नास टक्क्यांचा धरला तर हे दुप्पट प्रमाण विचलन होतं. ज्यांना संख्याशास्त्र येतं ते नाक मुरडतील, पण चहाच्या टेबलावरच्या वादाला एवढं चालतं.

२०२४ चीच एसईसी पाहा. ८ संघ, ८ विजय, ८ पराभव. तिसऱ्या मानांकनाचा केंटकी ओकलंडकडून हरला, चौथ्या मानांकनाचा ऑबर्न येलकडून. अपेक्षा १२, मिळाले ८, उणे ४. सूत्राच्या अगदी कडेवर. इथे तक्त्यातला शेवटचा रकाना कामी येतो: केंटकी ८०-७६ असा हरला, ऑबर्न ७८-७६, फ्लोरिडा १०२-१००. तीन पराभवांत मिळून आठ गुणांचा फरक! त्या वेळी ‘एसईसीचा फुगा फुटला’ म्हणणाऱ्यांनी हा रकाना पाहिलाच नव्हता. वर्षभरात त्याच कॉन्फरन्सने विक्रम केला, अर्थात टेक्सस आणि ओक्लाहोमा मध्यंतरी तिच्यात सामील झाले होते हेही ध्यानात घ्या.

याच्या उलट बाजूला २०२१ आहे, आणि तिथे मात्र मी नशिबाला श्रेय देणार नाही. बिग टेनचे ९ संघ आत. इलिनॉय आणि मिशिगन पहिल्या मानांकनाचे, ओहायो स्टेट आणि आयोवा दुसऱ्या, पर्ड्यू चौथ्या. अपेक्षा १६ विजयांची; मिळाले ८. ओहायो स्टेटला पंधराव्या मानांकनाच्या ओरल रॉबर्ट्‌सने गारद केलं, पर्ड्यूला तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससने, इलिनॉयला लॉयोला शिकागोने १३ गुणांनी. शेवटच्या १६ मध्ये एकटा मिशिगन. दुसरीकडे पॅक-ट्वेल्व्हचे ५ संघ, एकालाही पहिल्या चारांत मानांकन नाही, अपेक्षा ३. फर्स्ट फोरमधून वर आलेला यूसीएलए फायनल फोरमध्ये, बाराव्या मानांकनाचा ओरेगन स्टेट आणि सहाव्याचा यूएससी शेवटच्या आठांत. मिळाले १२, यूएससीने ओरेगनला हरवलं तो घरातला सामना वजा करून ११. म्हणजे एक उणे ८, दुसरी अधिक ८. शिवाय या दोघींच्या संघांत तीन थेट लढती झाल्या आणि तिन्ही पॅक-ट्वेल्व्हने जिंकल्या. सरासरीची पट्टी लावली तर फरक थोडे आकसतात, पण निकाल बदलत नाही.

असं का झालं? त्या मोसमात कोविडमुळे कॉन्फरन्सबाहेरचे सामने फारच कमी खेळले गेले. संघ आपापल्या गटातच खेळत राहिले. गटातल्या गटात कोण वरचढ ते कळत होतं, पण एका गटाची पातळी दुसऱ्याच्या तुलनेत कुठे आहे, ते ठरवायला पुरेसे दुवेच नव्हते. बिग टेन भारी आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं आणि मानांकनं त्या गृहीतकावर बेतली गेली.

पायरी ७ : हिवाळ्याचे निकाल शेजारी ठेवून तुलना करा

नोव्हेंबर-डिसेंबरमधले कॉन्फरन्सबाहेरचे सामने हा ताकदीचा खरा पुरावा. ते शेकड्यांनी होतात आणि तळाचे संघही त्यांत खेळतात. डिसेंबर २०२४ मध्ये एसीसी विरुद्ध एसईसी अशा ठरवून घेतलेल्या मालिकेत एसईसीने १४-२ अशी धूळ चारली. मार्चमध्ये १४ संघ निवडले गेले ते या आणि अशा निकालांच्या जोरावर. एनसीएएची ‘नेट’ क्रमवारी २०१८-१९ पासून वापरात आहे. तीही सामना कुठे झाला आणि समोर कोण होतं, हे पाहून चालते.

माझा ठोकताळा असा: हिवाळ्यात भरपूर आणि स्पष्ट पुरावा असेल, तर मार्चच्या निकालाने मत जेमतेम हलू द्यावं, चार-पाच विजयांचा फरक पडला तरीही. पुरावा तुटपुंजा असेल, २०२१ सारखा, तर मार्चला जास्त वजन द्यावं. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, आणि त्याला कारण आहे: मार्चचे सामने लक्षात राहतात. नोव्हेंबरच्या मंगळवारी रात्रीचा सामना कुणाला आठवतोय?

पायरी ८ : छोट्या स्पर्धा आणि सदस्ययादी

एनआयटी ही स्पर्धा १९३८ मध्ये सुरू झाली, म्हणजे एनसीएएच्या स्पर्धेहून एक वर्ष जुनी. आज तिथे एनसीएएत जागा न मिळालेले संघ खेळतात. निराश झालेले मोठे संघ कधी निमंत्रण नाकारतात, कधी अर्ध्या मनाने उतरतात. म्हणून तिथल्या निकालांना मी फार किंमत देत नाही, एका गोष्टीसाठी सोडून. लहान कॉन्फरन्सचा पाया किती खोल आहे, ते एनसीएएत दिसत नाही, कारण तिथे त्यांचा बहुधा एकच संघ असतो. एनआयटीत ते थोडं दिसतं.

२०२३ ची कॉन्फरन्स यूएसए हे त्याचं उत्तम उदाहरण. एनसीएएत तिचा एकच संघ होता, नवव्या मानांकनाचा फ्लोरिडा अटलांटिक. तो चार सामने जिंकून फायनल फोरमध्ये गेला आणि सॅन डिएगो स्टेटकडून शेवटच्या फेकीवर ७१-७२ असा हरला. तेवढ्यावर ‘एका संघाची कमाल’ म्हणून पाचव्या पायरीने तो निकालात काढला असता. पण त्याच वर्षी एनआयटीचा अंतिम सामना नॉर्थ टेक्सस आणि यूएबी यांच्यात झाला, दोघेही कॉन्फरन्स यूएसएचे. सीबीआय नावाची आणखी छोटी स्पर्धा शार्लटने जिंकली, तोही त्याच कॉन्फरन्सचा. चार संघ तीन स्पर्धांत शेवटपर्यंत टिकले, याला योगायोग म्हणता येत नाही.

जुलै २०२३ मध्ये मात्र हे चारही संघ कॉन्फरन्स यूएसए सोडून अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये गेले. २०२१ मध्ये चमकलेल्या पॅक-ट्वेल्व्हचंही तेच: २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेले, कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमध्ये. म्हणून तक्त्याच्या वर वर्षासोबत त्या वर्षाची सदस्ययादीही लिहून ठेवा, आणि पुढच्या मोसमाचा अंदाज बांधताना आकडे कॉन्फरन्सच्या नावाने नव्हे, तर संघांच्या नावाने पुढे न्या.